नळाला बांधलेलं पिल्लू

भाग्यश्री तलमडुगुकडच्या एका मराठी शाळेत शिकवायची आणि राहायची आदिलाबादेत, सुधाकररावांच्या घरामागच्या दोन खोल्यांत. त्या खोल्या मिळण्याआधी तिला फार फिरावं लागलं होतं. मास्तरीण आहे म्हटलं की लोक चहा विचारत. आडनाव सांगितलं की गावाहून कुणी भाऊ राहायला येणार असल्याचं त्यांना आठवे. किराणा दुकानदार सुधाकररावांनी मात्र आडनाव विचारलंच नाही. किल्ली हातावर ठेवली आणि म्हणाले, "राहा मॅडम. पान्याचा तरास नाई आपल्याकडं." हे उपकार भाग्यश्री विसरत नसे. त्या घरात ती पाहुण्यासारखी वावरायची, फाटकसुद्धा हळू लावायची.

उन्हाळा नुकता लागला होता. एक पिवळट मांजराचं पिल्लू कुठून तरी अंगणात यायला लागलं. मालाच्या खोलीत शिरायचं, दुधाच्या पातेल्यात तोंड घालायचं. एका सकाळी ते सुधाकररावांच्या हाती लागलं. त्यांनी पोती बांधायची नायलॉनची सुतळी घेतली, पिल्लाचा मागचा पाय करकचून बांधला आणि दुसरं टोक नळाच्या पाइपाला इतकं वर बांधलं की पिल्लाला धड बसताही येईना. मग खराटा उलटा धरून मारायला लागले. पिल्लाचा आवाज ऐकून भाग्यश्री खिडकीशी आली. तिच्या हातात कंगवा होता.

सुधाकररावांनी वर पाहिलं. "मॅडम, चोर सापडला न आज!"

आणि भाग्यश्री हसली. चांगलं तोंड भरून हसली, शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढं हसावं तसं. मग तिनं वेणी घातली, डबा घेतला आणि मोबाइलमध्ये पाहत नळावरून निघून गेली.

बसमध्ये तिनं स्वतःची समजूत घातली, की एव्हाना सोडलं असेल. शाळेत मुलांना भागाकार शिकवताना दोनदा चुकली.

संध्याकाळी नळापाशी काही नव्हतं. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यात घरामागच्या नालीतून बारीक आवाज आला. पिल्लू चिखलात पडलं होतं. सुतळी वरून कापली होती, पण पायाभोवतीचा फास तसाच होता आणि मांसात रुतून दिसेनासा झाला होता. तिनं ओढणी काढली, त्यात पिल्लू गुंडाळलं आणि ऑटो करून गुरांच्या डॉक्टरांचं घर गाठलं.

डॉक्टर तेलुगू होते. फास काढताना त्यांनी हिंदीत विचारलं, "किसने बांधा मॅडम?"

"पता नहीं सर. रोड पे मिला."

पाय वाचला, पण दोन बोटं काढावी लागली. डॉक्टरांनी जखम धुवायची कशी ते दाखवलं, गाईचं दूध न देता उकडलेलं अंडं कुस्करून द्यायला सांगितलं.

पिल्लू आधी पुस्तकांच्या मांडणीमागे जाऊन बसलं ते बसलंच. अंडं ठेवून ती दुसऱ्या खोलीत गेली की मगच खायचं. हात पुढं केला की अंग चोरायचं. लोंबणाऱ्या कुठल्याही दोरीला तर ते इतकं भ्यायचं, की पडद्याची नाडी हलली तरी जागेवरच मुतायचं. भाग्यश्रीनं पडद्यांच्या नाड्या काढल्या, परकराच्या नाड्या डब्यात ठेवल्या. शाळेतून आली की मांडणीजवळ जमिनीवर पडून वह्या तपासायची. पुष्कळ दिवस असे गेल्यावर एकदा ते लंगडत बाहेर आलं आणि उघड्या वहीवर बसलं. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. भाग्यश्रीला रडू आलं. सकाळी बुद्धापुढं मेणबत्ती लावून पंचशील म्हणताना पहिल्याच, जीवहिंसा न करण्याच्या शीलाशी तिची जीभ जड व्हायची. आता ती ते मनातल्या मनात म्हणायला लागली.

सगळ्यात वाईट म्हणजे तिचं कौतुक व्हायला लागलं, आणि तेही सुधाकररावांकडून. गिऱ्हाइकांना ते सांगत, "आमच्या मॅडम लय दयाळू. मरतं पिल्लू जगवलं त्यायनं." हे ऐकलं की ती मान खाली घालून पुढं जायची. लोकांना वाटे, किती साधी बाई.

एका रविवारी सुधाकररावांची आई, शकुबाई, तिच्या खोलीत आल्या. पिल्लू खिडकीत उन्हाला बसलं होतं. म्हातारीनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"चांगलं झालं वं आता. मले देतं का? मालाच्या खोलीत उंदरं लय झाले."

"नाई आजी, ते सांगून ठेवलं मी एकीले," भाग्यश्री घाईनं बोलली. कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

शकुबाई खाली बसल्या. गुडघे चोळत राहिल्या. "खोटं काऊन बोलतं? माह्या घरी द्याले भेतं तू. तू पाह्यलं होतं न खिडकीतून?"

भाग्यश्रीनं होकाराची मान हलवली.

"मी ओसरीत होती. उठूनच राह्यली होती बाई, म्हटलं, लेकाच्या हातातला खराटा घ्यावा. अन् तू हासली." म्हातारी शांतपणे सांगत होती, तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मले वाटलं, येवढी शिकलेली बाई हासून राह्यली, मंग माह्यासारखीनं काय बोलावं? बसली मी परत."

भाग्यश्रीला वाटलं, म्हातारीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आजवर ती समजत होती, की आपल्या गप्प राहण्याचा हिशेब आपल्यापुरताच आहे. आपलं आडनाव, आपली खोली, आपली भीती. उठू लागलेलं एक माणूस त्या हसण्यानं खाली बसलं होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तिनं त्याच दिवशी बी.एड.च्या वेळच्या मैत्रिणीला, प्रियदर्शनीला, फोन करून पिल्लू ठेवशील का विचारलं. प्रियदर्शनीचा नवरा बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत होता. क्वार्टरमध्ये दुपारभर ती एकटीच असे. "आन न," ती म्हणाली. पुढच्या सुट्टीत झाकणाच्या टोपलीत पिल्लू घेऊन भाग्यश्री बसनं निघाली. वाटभर ते ओरडलं नाही. टोपलीच्या फटीतून तिचं बोट हुंगत राहिलं.

प्रियदर्शनीनं पाय पाहिला. "हे कोनं केलं वं?"

भाग्यश्रीनं पहिल्यांदा सगळं सांगितलं, स्वतःच्या हसण्यासकट. प्रियदर्शनीनं तिची समजूत घातली नाही. एवढंच विचारलं, "अन् अजून तिथंच राहतं?"

"हो."

पिल्लू पलंगाखाली गेलं होतं. चहा होईपर्यंत ते बाहेर आलं, पाण्याच्या माठामागची गार जागा त्यानं शोधली आणि तिथं अंग टाकलं. भाग्यश्री निघाली तेव्हा त्यानं डोळेही उघडले नाहीत.

परतल्यावर ती सरळ दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. सुधाकरराव साखर मोजून पिशव्यांत भरत होते.

"काकाजी, पिल्लू देऊन आली मी. त्याले तुमी बांधलं होतं नळाले. मी पाह्यलं होतं. तुमी बराबर नाई केलं, अन् मी बी बोलली नाई."

सुधाकररावांचा हात थांबला. त्यांनी खरंच आठवायचा प्रयत्न केला. "ते हेच होतं का?" मग मान हलवली. "असंन बा. रागात होते मानसाच्या हातून." पुन्हा साखर भरता भरता म्हणाले, "मॅडम, उद्या नळ उशिरा येनार हाये. रातीच पानी भरून ठेवा."

बस, एवढंच. खोली खाली करा म्हणाले नाहीत, आवाज चढवला नाही. भाग्यश्री पायरीवर उभी राहिली. बोलायला एवढंसंच लागत होतं, आणि तेवढंही त्या सकाळी तिच्याच्यानं झालं नव्हतं. तिचे कान तापले. समोरून कुणी ओळखीचं येताना दिसलं, तशी ती मान खाली घालून बोळात वळली.