शेऱ्याचा रकाना

आमची कंपनी पंपांचे सुटे भाग बनवते. अंबरनाथ एमआयडीसीतल्या केमिकलवाल्यांचे पंप गळतात म्हणून आमची चूल पेटते. मी डिस्पॅच बघते. कुठला माल कुठल्या टेम्पोत चढला, कुठे अडला, कधी उतरला, हे सगळं माझ्याकडे. पूर्वी हे काम मी अंबरनाथच्या ऑफिसात बसून करत असे. आता बदलापूरला, माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर करते. टेबल चार माणसांचं आहे. दुकानदाराने दोन माणसांचं मिळत नाही म्हणून सांगितलं, आणि एका माणसाचं विचारायला मला लाज वाटली.

लग्न मी केलं नाही. का, हे विचारणारे आता उरले नाहीत, त्यामुळे उत्तरही तयार ठेवावं लागत नाही. भाऊ बारवी धरणाकडे गावी असतो. त्याची भातं लावून झाली की फोन येतो आणि कापून झाली की दुसरा येतो. मधल्या काळात त्याला सवड नसते आणि मला विषय नसतो.

ऑफिस फोनवर आणायची कल्पना आमच्या शेठची. शेठ उल्हासनगरचे सिंधी, कॅम्प तीनचे. माणूस उत्साही. एका दिवाळीला त्यांनी मिठाईच्या खोक्याबरोबर प्रत्येकाला एकेक नवा फोन दिला आणि सांगितलं की आजपासून कागद बंद, सगळं क्लाउडवर. आमच्या गोडाऊनच्या काकांना तो शब्द काही केल्या जमेना. ते सरळ 'वर' म्हणायला लागले, आणि मग आम्ही सगळेच तसं म्हणायला लागलो. चलन वर गेलं का, बिल वर टाकलं का. एकदा हिशेबाच्या बाई आठवडाभर रजेवर होत्या तेव्हा काकांनी फोन करून मला विचारलं की बाई वर गेल्या का. त्यांना म्हणायचं होतं, बाईंच्या फायली वर गेल्या का. मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे उठून बघायला आले. तेव्हा शेजारी टेबल होतं.

काम मात्र सुधारलं, हे कबूल करायला हवं. ज्या टेम्पोच्या शोधात मी अर्धा दिवस फोन फिरवत बसायची, तो आता फोनच्या नकाशावर सरकताना दिसायचा. गिऱ्हाइकाचा फोन आला की उत्तर तयार. सगळा माल मी एका शीटमध्ये, म्हणजे सगळ्यांना आपापल्या फोनवर दिसणाऱ्या तक्त्यात, भरायची. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा शीट उघडून दाखवत आणि म्हणत, हमारी ताई का काम देखो. मीही फुशारून जात असे. हुशारीने काम केलं की माणसाची किंमत वाढते असा माझा समज होता. किंमत वाढलीही, पण खुर्ची गेली. घरून इतकं नीट होतंय तर रोज कशाला दगदग करायची, असं शेठ म्हणाले, आणि ते प्रेमानेच म्हणाले. त्यामुळे भांडायला काही जागाच राहिली नाही. आधी हिशेबाच्या बाई घरी गेल्या, मग खरेदीवाले, मग मी.

सुरुवातीला मला बरं वाटलं. नंतर वाटेनासं झालं. काम दुपारच्या आतच आटोपायचं आणि मग संध्याकाळपर्यंत शीट उघडा ठेवून बसायचं. शीटच्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपक्यांत आमच्या नावांची आद्याक्षरं दिसतात, कोण कोण आत आहे ते कळावं म्हणून. मी ती बघत बसायची. हिशेबाच्या बाई आल्या, खरेदीवाले गेले. कुणी काही बोलायचं नाही, कारण बोलायचं काही नसायचंच. सगळं तर शीटमध्ये लिहिलेलं. मला एकटं वाटायला लागलं होतं आणि हे सांगायला जाऊ कुणाकडे, तर तेही कळत नव्हतं. तक्रार काय करणार? कामाचा ताण नाही, प्रवास नाही, जेवण गरम मिळतं. लोक म्हणाले असते, सुख टोचतंय.

शीटमध्ये शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. त्यात जे लिहिलं ते गोडाऊनला हुकूम. मला फोनवर मराठी टाइप करायचा कंटाळा, म्हणून हिशेबाच्या बाईंनी मला माइकचं बटण दाखवलं होतं. ते दाबायचं आणि बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. पहिल्या दिवशी मला चोरी केल्यासारखं वाटलं. रिकाम्या घरात मोठ्याने बोलायचं म्हणजे काय? पण हळूहळू मी त्या रकान्याशी चांगलं बोलायला लागले. 'टेम्पो थांबवा' एवढं पुरलं असतं तिथे मी म्हणायची, 'पाऊस आहे तर टेम्पो थोडा थांबवा, ड्रायव्हरला चहा द्या.' दिवसभरात माझ्या तोंडून निघालेलं तेवढंच कुठेतरी पोचत होतं.

आता एक सवय सांगायला हवी. आमच्या ऑफिसात संध्याकाळी उठताना 'येते हं' म्हणायची रीत होती. 'जाते' म्हणायचं नाही, ते अशुभ. 'येते हं' म्हटलं की कुणीतरी मान वर न करता 'या' म्हणायचं. त्या 'या'ला काही अर्थ नसतो, पण तो आला नाही तर पाऊल उचलत नाही. घरून काम सुरू झाल्यावरही माझी ती सवय सुटली नाही. सहा वाजले की लॅपटॉप मिटायचा, आणि भिंतीला सांगायचं, येते हं. मग तिथून उठून स्वयंपाकघरात यायचं. म्हणजे तीन पावलं.

एका सोमवारी एक तातडीचा माल होता. एका कारखान्याचा पंप बंद पडला होता आणि त्याचं गळती रोखणारं सील आमच्याकडून जायचं होतं. रात्रपाळीच्या आत ते पोचलं नाही तर पाळी रिकामी बसणार होती. मी माइक दाबून शेरा बोलले, 'पॅकिंग नीट बघून गाडी सोडावी.' लॅपटॉप मिटला, उठले, भिंतीला सांगितलं, फोन चार्जिंगला लावला आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेले. माइक बंद करायचा राहून गेला होता. बोलून लिहिलेल्या मजकुरात पूर्णविराम नसतो. गोडाऊनच्या शीटवर उमटलं ते असं: पॅकिंग नीट बघून गाडी सोडावी येते हं.

काकांनी ते वाचलं आणि गाडी थांबवली. त्यांचंही चुकलं नाही. पूर्वी असा तातडीचा माल असला की मी ऑफिसातून उठून एमआयडीसीच्या दुसऱ्या टोकाला गोडाऊनमध्ये जायची, खोकं स्वतः उघडून बघायची आणि मगच पट्टी मारू द्यायची. त्यांना वाटलं, ताई येतेय.

मी परत आले तर फोनवर कॉलच कॉल. कारखानेवाला शेठवर ओरडला होता, शेठ काकांवर. मी काकांना फोन लावला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं पडल्यासारखं होतं.

"ताय, तुमीच लिवलं ना येते म्हनून. मंग तुमी आल्याबिगर गारी कशी सोरू?"

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. त्यांनी आतली खुर्ची बाहेर आणून फडक्याने पुसली होती. चहा मागवला होता, तो गार झाला म्हणून पुन्हा मागवला होता. ड्रायव्हर कुरकुर करायला लागला तेव्हा त्याला दम दिला होता की ताई बदलापूरवरनं येते, वेळ लागतो. मी माफी मागितली आणि फोन ठेवला. मग भाजीची पिशवी तशीच ठेवून मी खुर्चीत बसले आणि रडले. कारखान्याची पाळी बुडाली याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि ते वाटलंही, पण नंतर. आधी वाटलं ते हे की आज कुणीतरी माझी वाट बघत होतं, आणि मी मंडईत भेंडी निवडत होते.

शेठ रागावतील असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर रागावले असते तर बरं झालं असतं, त्या निमित्ताने बोलणं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला आणि ते म्हणाले की ताई, टेन्शन घेऊ नका, तुमची चूक नाही, सिस्टीमची चूक आहे. दोन दिवसांनी कुरियर आलं. त्यात कानाला लावायचं महागातलं यंत्र होतं, बोलताना बटण दाबायचं आणि सोडलं की माइक आपोआप बंद. त्याच आठवड्यात शीटमधून शेऱ्याचा रकाना गेला. त्या जागी एक छोटी चौकट आली. तिच्यावर बोट ठेवलं की तीन शब्द उघडतात: रवाना, थांबवा, रद्द. त्यातला एक निवडायचा. चूक व्हायला आता वावच नाही, असं शेठ म्हणाले, आणि ते खरंही होतं. ड्रायव्हरला चहा द्या असं त्यात कुठे लिहिणार?

पंधरवडाभर मी ती चौकट दाबली. मग एके दिवशी सकाळी चांगली साडी नेसले आणि रिक्षा करून अंबरनाथला गेले. टेबल मागायला. फोनवर मागितलं असतं तर शेठनी फोनवरच समजूत काढली असती. गेटवर नवा वॉचमन होता, त्याने विचारलं, कोणाकडे? मी डिस्पॅच म्हटलं. तो म्हणाला, डिस्पॅचला इथे कोणी बसत नाही. मला इतका संताप आला की त्याच्या नोंदवहीत मी नावाच्या जागी फक्त 'डिस्पॅच' लिहिलं आणि आत गेले.

वर ऑफिसात शेठ एकटेच होते. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला, आओ आओ करत उठून उभे राहिले. मी आडवळणं न घेता सांगितलं.

"शेठ, मला घरी करमत नाही. मला इथं टेबल द्या."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. हे वाक्य कंपनीच्या कुठल्या खात्यात बसतं ते त्यांना कळलं नसावं. मग म्हणाले, "ताई, टेबल काय, चार टेबलं आहेत, कोणतंही घ्या. आधी बोलायचं ना."

इतकं सोपं होतं ते. मी हिशेबाच्या बाईंना लगेच फोन करून सांगितलं की मी येतेय परत, तुम्हीही या, डबे उघडू. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मेरा तो घर से मस्त चलता है, तू जा, मजा कर.

सोमवारी मी गेले. खिडकीजवळचं टेबल घेतलं. शेठचं टेबल समोरच्या भिंतीला, त्यांची पाठ माझ्याकडे. सकाळी त्यांनी हात जोडले, मीही जोडले. मग त्यांनी कानाला यंत्र लावलं आणि ते कामाला लागले. पुण्याला बोलले, वापीला बोलले, हिशेबाच्या बाईंशी बोलले. मीही माझं यंत्र लावलं. दोघांची कामं फोनमध्येच होती, एकमेकांत काहीच नव्हतं. दुपारी त्यांनी स्क्रीनवर बघत बघत काहीतरी खाल्लं. मी डबा उघडला आणि त्यांचं बोलणं संपायची वाट बघत बसले. ते संपलं नाही. भेंडी गार झाली तशीच खाल्ली.

तीनच्या सुमाराला मला चहाची तल्लफ आली. शेठना विचारावं म्हणून मी दोनदा हाक मारली, पण कानात यंत्र, त्यांना ऐकू गेलं नाही. उठून खांद्याला हात लावणं काही बरं दिसलं नसतं. म्हणून मी फोन उचलला आणि त्यांना लिहिलं, चहा सांगू का? समोर त्यांचा फोन उजळला. बोलणं न थांबवता त्यांनी तो हातात घेतला, आणि माझ्या फोनवर एक अंगठा आला.

मी चहा सांगितला. पोऱ्या नसतो आता, चहाही फोनवरूनच मागवतात. दोन कप आले, एक त्यांच्याकडे ठेवला, एक मी घेतला. ते वळले नाहीत. मी खिडकीतून रस्ता बघत चहा प्यायले आणि पाच वाजता रिक्षा करून घरी आले. मंगळवारी मी गेले नाही, घरूनच शीट उघडला. मला आता टेबल नको होतं, आणि टेबलाशिवाय दुसरं काय मागायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. मी का आले नाही, हे शेठनी विचारलं नाही. त्यांना ते कळलंच नसावं, कारण शीटच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यात मी होते.