मावशींनी भोपळ्याला झोपवलं

दातांच्या दवाखान्यात तुमचं काम काय, असं कुणी विचारलं की मावशी सांगायच्या, "मी लाळ ओढते." ते खरंच होतं. डॉक्टर दात कोरत असताना पेशंटच्या तोंडात नळी धरायची, लागेल तो चिमटा हातात द्यायचा, कापूस बदलायचा, आणि घाबरलेल्या माणसाच्या खांद्यावर डावा हात ठेवून "झालंच, झालंच" म्हणत राहायचं. हे "झालंच" कधीकधी तासभर चालायचं. तीस वर्षांत कुणी त्यांना खोटारडं म्हटलं नव्हतं.

त्यातली अठ्ठावीस वर्षं त्यांनी थोरल्या डॉक्टरांच्या हाताखाली काढली होती. आता खुर्चीशी डॉक्टरांची मुलगी उभी असायची, तीही डॉक्टरच. ही मुलगी शाळा सुटली की दवाखान्याच्या बाकावर बसून गृहपाठ करायची, तेव्हा मावशींनी तिच्या सुटलेल्या वेण्या कितीदा घालून दिल्या होत्या. पेशंटसमोर त्या तिला "डॉक्टर, तुम्ही" म्हणत. दार लोटलं की ती "बाळ" व्हायची, आणि तीही त्यांना "मावशी, तू" म्हणायची.

बाहेरच्या खोलीतली माशांची टाकी थोरल्या डॉक्टरांनी आणली होती. माशाकडे बघत बसलं की माणसाची निम्मी भीती तिथेच उतरते, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला सात मासे होते. एकेक करत सहा गेले आणि एक नारिंगी, गोलमटोल मासा तेवढा उरला. कुणीतरी त्याला भोपळ्या म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. अकरा वर्षांत तो तळहाताएवढा झाला होता. सकाळी मावशींनी टाकीचा दिवा लावला की तो लगबगीने वर यायचा आणि तोंड वासून उभा राहायचा. मावशी म्हणायच्या, "अख्ख्या दवाखान्यात न सांगता तोंड उघडणारा एवढा एकच पेशंट आहे."

थोरले डॉक्टर गेल्यावर मुलीने बरंच काही बदललं. खुर्ची नवी आणली, भिंतींना रंग दिला, त्यांचा खडखडणारा पंखा काढून टाकला. टाकी मात्र होती तिथेच राहिली.

भोपळ्याचं पोट फुगायला लागलं तेव्हा आधी सगळे हसले. मावशी लाडाने जास्त खायला घालतात, असा ठपका आला आणि मावशींनीही तो हसून घेतला. मग एका सकाळी तो वर आलाच नाही. मावशी वाकून बघतात तर अंगावरचे खवले एकेक करून उभे राहिलेले, अननसाच्या सालीसारखे. डॉक्टरांनी माशांच्या दुकानात फोन केला, औषध आणलं, मोजून मीठ घातलं, पाण्याचं तापमान बघायला काचेची नळी लावली. पाचव्या दिवशी त्याने एक दाणा खाल्ला तर दोघींनी तो दिवस सणासारखा साजरा केला. सहाव्या दिवसापासून पुन्हा काही नाही. पुढे तर तो तळाशी कुशीवर पडून राहायला लागला. मधूनच सगळं बळ एकवटून वर यायचा, हवेचा एक घोट घ्यायचा आणि दगड टाकल्यासारखा खाली जायचा.

दाढ काढून घ्यायला आलेला एक माणूस टाकीसमोर बसला होता. थोडा वेळ त्याने बघितलं, मग उठून पाठ टाकीकडे होईल अशा खुर्चीत जाऊन बसला. ते मावशींनी पाहिलं.

संध्याकाळी हत्यारं उकळायला टाकून त्या म्हणाल्या, "बाळ, आता पुरे करूया."

"अजून चार दिवस औषध देऊन बघू."

"पंधरा दिवस झाले."

"बाबांच्या वेळीही सगळे असंच म्हणत होते, मावशी."

मावशी गप्प राहिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे अनेकदा वाटलं. पण त्या बोलून गेल्या, "बाबांना विचारता येत होतं. त्यांनी सांगितलंही होतं की नळ्या नकोत म्हणून. तू ऐकलं नाहीस, ते असो. याला विचारता येत नाही, म्हणून तर आपल्यालाच बघायला हवं."

डॉक्टर बेसिनपाशी गेली आणि हात धूत राहिली. धुतलेलेच हात पुन्हा धुतले. मग पर्स घेऊन निघून गेली.

घरी मावशींनी ताट अर्धंच ठेवलं. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, त्यांनी सगळं सांगितलं. तो आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला, मनाने सरळ माणूस. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिला लागलं असणार. पण तू खोटं काय बोललीस?" हे ऐकून मावशींना जास्तच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर अर्धा तास लवकर आली. टाकीपुढे उभी राहून तिने भोपळ्याचं एक वर येणं आणि खाली जाणं पाहिलं. मग मावशींकडे न बघता म्हणाली, "कसं करायचं, ते विचार दुकानदाराला. मला नाही विचारवत."

मावशींनी फोन लावला. फ्रीजरमध्ये ठेवावं का, असं त्यांनी चाचरत विचारलं, कारण कुणीतरी तसं सांगितलं होतं. दुकानदार म्हणाला, "अजिबात नको, बाई. हाल होतात त्याचे. आणि संडासात सोडून मोकळे होतात लोक, तसंही करू नका. लवंगेचं तेल घ्या. आधी गुंगी येते, झोप लागते. झोपेतच मग जास्त द्यायचं. तुम्ही दातवाले ना? तुमच्या कपाटात असेलच की."

होतंच. दुसऱ्या फळीवर, तपकिरी बाटलीत. ठणकणाऱ्या दातात त्याचा बोळा ठेवायचं काम मावशींनी हजारदा केलं होतं. त्यांच्या कपड्यांनाही तोच वास असायचा. दुपारी डब्याच्या वेळी त्यांनी नवऱ्याला फोन करून हे सांगितलं, तर तो म्हणाला, "कमाल आहे. मासा तेलात सोडतात ते ऐकून होतो, माशात तेल सोडतात हे आजच कळलं." मावशी रागावल्या, आणि मग त्यांना हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसावे लागले.

एक ते चार दवाखाना बंद असायचा. मावशींनी दाराला कडी लावली. धुतलेल्या टबात टाकीतलंच पाणी घेतलं, म्हणजे त्याला नवखं वाटणार नाही. जाळी न वापरता दोन्ही हातांची ओंजळ करून भोपळ्याला त्यात आणलं. तो निसटायची धडपडसुद्धा करत नव्हता. छोट्या बाटलीत कोमट पाणी घेऊन त्यांनी तेलाचे थेंब मोजून टाकले आणि दुधासारखं पांढरं होईपर्यंत बाटली हलवली.

"मी आत बसते," डॉक्टर म्हणाली.

"बस. काही हरकत नाही."

मावशींनी ते पांढरं पाणी कडेकडेने, अगदी बारीक धारेने सोडलं. भोपळ्याने एकदा शेपटी झटकली. मावशींचा हात थांबला. मग पुन्हा धार सुरू झाली. खोलीभर लवंगेचा वास पसरला. कल्ल्यांची उघडझाप हळू झाली, आणि आठवडाभर वाकडं पडलेलं ते शरीर सैल पडून पाण्यात तरंगायला लागलं. मावशींनी बोटाने त्याची पाठ हलकेच दाबली. तो हलला नाही.

मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. डॉक्टर येऊन शेजारी बसली होती. कपाळाचा दिवा तिने लावून घेतला होता. "कल्ला अजून हलतोय," ती म्हणाली. "मी बघते. तू दुसरं औषध तयार कर."

दुसऱ्या वेळचं तेल जास्त होतं. डॉक्टर वाकून कल्ल्याकडे बघत होती आणि घड्याळावर मिनिटं मोजत होती, भूल दिल्यावर मोजायची तशीच. थोड्या वेळाने म्हणाली, "थांबला." तरी दोघी अर्धा तास बसून राहिल्या, दुकानदाराने घाई करू नका म्हणून बजावलं होतं.

"त्याला काही कळलं असेल का गं?"

"सुरुवातीला शेपटी हलवली त्याने. तेवढं कळलं असेल. पुढचं नाही." मग मावशी म्हणाल्या, "काल मी बोलले ते बोलायला नको होतं."

"बोलायला हवंच होतं," डॉक्टर म्हणाली. "दोन वर्षं कुणी बोललं नाही. बाबा माझ्याकडे बघायचे आणि मी नळीकडे बघायचे." मग तिने मावशींच्या खांद्यावर डोकं टेकवलं. कपाळाचा दिवा तसाच चालू होता, त्याचा उजेड छतावर पडला होता.

पायरीजवळच्या मोठ्या कुंडीत त्यांनी भोपळ्याला खोल पुरलं. चार वाजता दार उघडलं. टाकी रिकामी दिसल्यावर पेशंट विचारायला लागले. वयाने गेला, असं मावशी सांगणार होत्या, पण डॉक्टरने सरळ सांगितलं, "फार त्रास होत होता त्याला. आम्ही झोपवलं." कवळी बसवायला आलेल्या एका आजी म्हणाल्या, "बरं केलंत." एका बाईने नाक मुरडलं.

बातमी मात्र पसरली. महिन्याभरात एका पेशंटच्या वहिनीचा फोन आला, तुम्हीच का त्या माशांच्या मावशी म्हणून. मावशींना हे नाव आवडलं नाही, पण त्या गेल्या. पुढच्या दोन वर्षांत त्या अशा पाच घरी गेल्या, दर वेळी पिशवीत तपकिरी बाटली घेऊन. पण बाटलीला हात लावायच्या आधी त्या दहा प्रश्न विचारायच्या आणि हातातल्या चहाला थंड होऊ द्यायच्या. खायला किती घालता? टाकीत किती मासे? पाणी कधी बदललं?

तीन घरी बाटली उघडावी लागली. तिथे त्या शेवटपर्यंत बसून राहिल्या.

एकदा एका शिंप्याकडे गेल्या. मशीनशेजारी काचेची बरणी, तिच्यात एक काळा मासा कलंडलेला. पाणी कधी बदललं, यावर शिंपी म्हणाला, "बदलायचं असतं?" मावशींनी बाटली पिशवीतून काढलीच नाही. नळाचं बादलीभर पाणी रात्रभर भरून ठेवायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी थोडं थोडं करून ते कसं बदलायचं ते दाखवलं, आणि बायका ओरडतात तशा त्याला ओरडल्याही.

चौथ्या दिवशी शिंप्याचा फोन आला तेव्हा डॉक्टर एका दाढेत गुंतली होती. मावशींनी दारातून सांगितलं, "शिंप्याचा मासा सरळ पोहतोय, बाळ." पेशंटसमोर बाळ म्हटलं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. डॉक्टर मान वर न करता म्हणाली, "छान," आणि नळी धरायला त्यांना आत बोलावलं.