दोन मनगटांवर दोन घड्याळं

"ही पायताणं कुणाच्या बापाची?"

गेनूभाऊ माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते एवढंच. पायताणं माझी होती. म्हणजे धावायचे नवे बूट. पवना धरणाच्या काठावर मी ते मोजे आत खोचून, देवळाबाहेर ठेवावेत तसे जोडीनं ठेवले होते. बाप तर केव्हाच वारला होता. हे दोन्ही खुलासे करायला मी तोंड उघडेपर्यंत भाऊंनी बूट नाड्यांना धरून उचलले आणि वरच्या रस्त्याकडे, माझ्या गाडीच्या दिशेनं भिरकावले. एक करवंदीच्या जाळीत अडकला. तो काढताना माझा हात ओरबाडून निघाला आणि आमचा स्नेह, त्याला स्नेह म्हणायचं असेल तर, तिथून सुरू झाला.

गेनूभाऊ धरणाजवळच्या तिकोणा पेठ गावचे. उंचीनं माझ्या खांद्याएवढे, वयानं सत्तरीच्या पुढे. थोडी भातखाचरं आणि एक होडी. धरणात कुणी बुडालं की पोलिसांचा फोन आधी त्यांना जाई. मग होडी, गळ आणि प्रत्येक वावावर, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढ्या अंतरावर, गाठ मारलेली लांबच लांब दोरी घेऊन ते निघत आणि माणूस काढून आणत. जिवंत माणूस त्यांच्या वाट्याला क्वचितच येई. आला की त्याच्याशी कसं बोलावं हे त्यांना ठाऊक नसे.

मला त्यांच्याकडे धाडलं सलीमभाईनं. लोणावळ्याच्या बाजारात त्याचं सायकलचं दुकान आहे. मी वलवणला राहणारा, विम्याच्या कार्यालयात खुर्ची झिजवणारा चव्वेचाळीस वर्षांचा गृहस्थ. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर चर्चा चालू असताना मी भर सभेत उठून जाहीर केलं होतं, की येत्या जानेवारीत मी ट्रायथलॉन करणार. आधी दीड हजार मीटर पोहायचं, मग सायकल, मग धावणं. टाकीचा प्रश्न तसाच राहिला, पण माझी घोषणा जिन्याजिन्यावर पोचली. आता माघार घ्यायची तर घर बदलावं लागलं असतं. आणि मी पोहलो होतो ते फक्त एका रिसॉर्टच्या तलावात, हात लांबवला की कठडा लागेल अशा बेतानं. सलीमभाई म्हणाला, होडी सोबत असल्याशिवाय धरणात उतरू नकोस. होडीवाला तोंडाचा फाटका आहे, पण त्याच्या डोळ्यांदेखत आजवर कुणी गेलेलं नाही.

पोहण्यापेक्षा मी मनावर घेतलं होतं ते घड्याळ. जीपीएसवालं, तिन्ही खेळांचं. एक बटण दाबलं की पोहणं संपून सायकल सुरू, पुन्हा दाबलं की धावणं. मी अकरा घड्याळांचा तक्ता केला. बॅटरी, वजन, ओल्या बोटांनी बटण दाबता येतं का, उन्हात आकडे दिसतात का. पाच महिने हा अभ्यास चालला. त्या पाच महिन्यांत मी पोहलो नऊ वेळा. बायको म्हणाली, "एवढी चौकशी माझ्या वडिलांनी तुमची केली असती, तर मी आज दुसरीकडे असते."

शेवटी तक्त्यात दोन घड्याळं उरली. सलीमभाईच्या दोन गिऱ्हाइकांकडून ती मागून आणली आणि दोन मनगटांवर दोन बांधून मी काठावर हजर झालो. भाऊंनी आधी माझे पाय बघितले. अनवाणी होते. मग हात बघितले.

"दोन बायका, फजिती ऐका," ते म्हणाले. "उतर."

काठाकाठानं आंब्याच्या झाडापर्यंत जाऊन आलो. डावं घड्याळ बाराशे म्हणालं, उजवं सोळाशे. मी भाऊंना समजावून सांगू लागलो, की हात पाण्याखाली गेला की दर वेळी आकाशातला सिग्नल तुटतो, मग मधलं अंतर घड्याळ अंदाजानं भरतं.

"म्हंजी आंदाजच का? मंग त्यो मला फुकट येतो." त्यांनी समोर, पाण्यात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेकडे बोट केलं. "ह्या दगडापासनं त्या नाकापत्तूर चारशे वाव. दोरी टाकून मोजलंय म्यां."

दोरी कशासाठी टाकली होती, ते मी विचारलं नाही. मी मनात गुणाकार करत होतो. जाऊन-येऊन आठशे वाव म्हणजे जवळजवळ माझे दीड हजार मीटर. भाऊंनी अट घातली : मधे थांबायचं नाही, हातात काही घालायचं नाही. थांबलास तर होडीत घेईन आणि पुन्हा या काठावर उभा करणार नाही. पोहता आलं नाही तर शर्यत गेली, होडी गेली तर पोहणं गेलं. मी मान हलवली. मनात त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

आणि त्याच आठवड्यात मी घड्याळ घेतलं. पाच महिन्यांच्या तक्त्याला स्मरून उरलेल्या दोहोंपैकी एक घ्यावं की नाही? मी तिसरंच घेतलं, कारण ते सगळ्यांत मोठं दिसत होतं.

परीक्षेच्या दिवशी धरणावर धुकं होतं. अंगाला घट्ट बसणाऱ्या पोहायच्या पोशाखाची बाही मी घड्याळावर ओढून घेतली होती. शाळेत कॉपी लपवण्याचा अनुभव दांडगा, त्यामुळे भाऊंना काही दिसलं नाही. दर शंभर मीटरला घड्याळ मनगटावर थरथरायचं. पाच वेळा थरथरलं, सहावी वेळ झाली. आपण किती वेगात आहोत हे एकदाच बघावं, असं मला वाटलं. थांबलो, बाही सरकवली, ओल्या अंगठ्यानं बटण दाबलं. घड्याळानं जाहीर केलं, की पोहणं संपलं, सायकल सुरू.

पवना धरणाच्या मध्यावर मी सायकल चालवत होतो. वेग शून्य.

ती सायकल बंद करायच्या खटपटीत मी गोल फिरलो, आणि मान वर केली तर काठ नव्हता. चारी बाजूंना सारखंच पांढरं. एक घोट नाकात गेला, एक घशात. होडी दोन वल्ह्यांच्या अंतरावर होती, पण भाऊ हलले नाहीत.

"इचार त्येला," ते शांतपणे म्हणाले. "काठ कुटं हाय ते."

मी बुडतोय असं सांगायचं होतं, पण तोंडात धरण होतं. मग वल्ह्याचं टोक छातीशी आलं, कुणीतरी मानेला धरलं आणि भाताचं पोतं चढवावं तसा मी होडीत पडलो.

काठावर पोचल्यावर मी शिव्यांची वाट बघत बसलो. त्या आल्या नाहीत. भाऊ दोरीच्या गाठी तपासत बसले होते, माझ्याकडे न बघता बोलत होते.

"तू बूट ठिवलंतास ना, तितंच बूट हुते. असंच, मोजं आत खोचून. आठशे वाव दोरी टाकली तवा दुसऱ्या दिशी दुपारी गावला. पंचविशीतलं पोरगं. काठावर निजवलं, पोलीस कागद करत हुते, बाप उशाला बसलेला. आन त्या पोराच्या हातातलं घड्याळ थरथरलं. आमी समदे दचाकलो. बापाला वाटलं, हात हालला. त्येनं घड्याळ धरून वाचलं. लय वेळ बसलायसा, उठा, आसं लिवलं हुतं."

ते उठले.

"शब्द मोडलास. निघ आता."

पुढचे तीन रविवार मी अनवाणी, मोकळ्या मनगटांनी त्या काठावर उभा राहिलो. तिन्ही रविवारी त्यांनी होडी सोडली नाही. एकदा तर मला ऐकू जाईल अशा बेतानं काठावर चरणाऱ्या म्हशीला म्हणाले, "लाज न्हाई बग काई लोकान्ला." चौथ्या रविवारी मी येण्याआधीच होडीचा दोर सुटलेला होता. त्या दिवशी मी आठशे वाव पोहलो. घड्याळ घरी होतं, त्यामुळे किती मिनिटांत, कोणत्या वेगानं, हृदय किती धडधडलं, काहीच माहीत नाही. संध्याकाळी सलीमभाईनं भाऊंना फोनवर विचारलं, कसा पोहला? भाऊ म्हणाले, "बुडाला न्हाई."

जानेवारीत शर्यत पुरी केली. पाण्यातून शेवटून दुसरा बाहेर आलो. सायकलीवर आणि धावताना घड्याळ बांधलं, आकडे सगळ्यांना दाखवले. आठशे वावांचं मात्र कुणी खरं मानत नाही. आमच्या मंडळींत नोंद नसेल तर माणूस पोहलेलाच नसतो. साक्षीला एकटे भाऊ होते.

गेल्या मे महिन्यात भाऊ घरीच, झोपेत गेले. सलीमभाई आणि मी पेठेत पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. इंदुरीहून लेक यायची होती, तिच्यासाठी थांबले होते. मी भिंतीला टेकून बसलो. त्या माणसावरचा माझा राग अजून पुरता गेला नव्हता, आणि समोर तो हूं की चूं न करता निजलेला बघून आणखीच येत होता. तासभर गेला असेल. मनगट थरथरलं. बराच वेळ बसला आहात, उठा.

मी चटकन तळवा घड्याळावर दाबला. सलीमभाईनं पाहिलं होतं. त्यानं मान खाली घातली. तेवढ्यात लेक आली, अंगणात एकच आकांत झाला, आणि थोड्या वेळानं खांद्याला माणसं बोलावली. मी उठलो.

सरण धरणाच्या काठालाच रचलं होतं. अग्नी दिल्यावर लोक दूर सरकले आणि मी मागे वळून पाहिलं. काठावर चपलांचा, बुटांचा ढीग पडला होता. पन्नासेक जोड तरी असतील. माझे बूट गाडीत होते. मी खाली गेलो आणि एकेक जोड उचलून वर रस्त्याकडे भिरकावू लागलो. सलीमभाई शेजारी येऊन फेकू लागला. पाहुण्यांतला एक जण धावत आला आणि म्हणाला, "अहो, काय करता? ते माझे बूट आहेत."

"ठाऊक आहे," मी म्हणालो, आणि त्याचा दुसराही फेकला.