पाळीपलीकडची कजली

पोलिसातल्या नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरलो, पण गव्हाच्या ओल्या कोंबांनी उलगडलेली ती एक घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे.

जबलपुरात मदन महालच्या टेकड्यांखाली जुन्या राजवटीतली मातीची पाळ आहे आणि तिने अडवलेला छोटा तलाव. सकाळी लोक पाळीवर फिरायला येतात, संध्याकाळी पोरंबाळं नावेत बसतात. त्या पावसाळ्यात मात्र एकच आवई उठली होती, की पाळ पोकळ झाली, तलाव मोकळा करा. पायथ्याशी मोठी वस्ती. पाळ फुटली असती तर घरांसकट माणसे गेली असती.

राखीच्या दुसऱ्या दिवशी जबलपुरात कजलियांचे विसर्जन होते. द्रोणात उगवलेले गव्हाचे हे कोंब बायका तलावात धुतात, थोडे एकमेकांना देतात, बाकी पाण्यात सोडतात. त्याच्या दुसऱ्या सकाळी मी ठाण्यात हजेरी घेत असताना वस्तीतल्या एक निवृत्त मराठी शिक्षिका आल्या. हातात लाल धाग्याने बांधलेली कोंबांची ओली जुडी.

"साहेब, ही माझ्या सुनेची कजली, धागा मीच बांधलेला. काल तलावात सोडली, आज घरामागच्या नाल्यात सापडली. तलावाचं पाणी सोडायचं दार तर बंद आहे. मग ही इकडे आली काहून?"

हवालदार हसला. "दीदी, ऊपर से बह गई होगी।"

"पाणी काठाच्या हातभर खाली आहे, भैया. जाऊन पाहा, मग हसा!"

आम्ही गेलो. बाईंचे खरे होते. झिरपणारे पाणी मातीतून गाळून येते, अख्खी जुडी आणत नाही. नाल्याकडच्या उतारावरची बेशरमाची झुडपे तोडली तेव्हा पाळीतून आरपार गेलेला लोखंडी पाइप सापडला आणि माझे डोकेच सणकले. इंजिनिअर बोलावून त्याच दुपारी पाइपचे तोंड बंद केले, पंचनामा केला. पाइपवरचे वेल्डिंग शहरातल्या गोहलपूरच्या एका कारखानदाराने आपलेच म्हणून ओळखले. पाइप करवून घेणारा गिऱ्हाईक होता तलावालगतच्या जमिनीचा दलाल. पाळ पोकळ झाल्याची आवई त्याचीच.

ठाण्यात तो ऐटीत बसला. "साहब, पुराना मिट्टी का बांध है। चूहों ने पोला कर दिया।"

मी त्याला चहा पाजला. मग टेबलावर कजली ठेवली, आणि शेजारच्या खोलीतून कारखानदाराला बोलावले.

"अच्छा, तो चूहे वेल्डिंग भी कराते हैं?"

गड्याच्या तोंडचे पाणी पळाले. उन्हाळ्यात तलाव आटला असताना पाइप पुरला, भरल्यावर बूच काढले, सगळे ओकला. पाइपच्या पाण्याने माती वाहून जावी, पाळ आपोआप ढासळली असे दिसावे आणि तलावाच्या जागी प्लॉट पाडावेत, हा त्याचा बेत. त्याला कोठडीत टाकताना मला जो आनंद झाला, तो पुढे बढतीच्या दिवशीही झाला नाही.

या केसने मला एक शिकवले. माणूस आपल्या घरची वस्तू हातात घेऊन ठाण्यात आला, तर आधी ती वस्तू नीट पाहावी, हसणे नंतर.

पुढच्या वर्षी कजलियांच्या दिवशी पाळीवर ही मोठी गर्दी होती. बाईंनी रिवाजाप्रमाणे माझ्या कानामागे कजली खोवली आणि म्हणाल्या, "साहेब, सकाळपासून नाला पाहून राहिली. एकही कजली आली नाही."