आवाज काढून टाकला होता

आमच्या घरात महत्त्वाचं सगळं बोलणं आवाज न करता व्हायचं. पाहुणे समोर बसलेले असले की आई त्यांच्या डोक्यावरून मला सांगायची, दूध संपलंय, कोराच चहा टाक. नुसते ओठ हलायचे. मीही तसंच उत्तर द्यायचे, आणि पाहुण्यांना वाटायचं, काय शांत मुलगी आहे. शांत कसली, मी तेवढ्यात त्यांच्याबद्दल दोन वाक्यं बोलून मोकळी झालेली असायचे.

आई भिवंडीत, नारपोलीतल्या एका कापडाच्या कारखान्यात कांडी मशीनवर होती. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या धोट्यात जी कांडी बसते, तिच्यावर सूत भरायचं काम. बाजूला लूम धडधडत असताना कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही, त्यामुळे कारखान्यातली माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. तिथे हे कुणी कुणाला शिकवत नाही. आई तीच सवय घरी घेऊन आली आणि मी बोलायला शिकले तेव्हाच तेही शिकले. बाबा गेल्यानंतर घरात आम्ही दोघीच उरलो, आणि घर त्या मशीनवर चालायचं.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी नुकतीच बी.ए. झाले होते आणि मिळेल ते काम शोधत होते. तेव्हा मुंबईच्या एका मोठ्या संस्थेतून एक मॅडम भिवंडीत आल्या. कांडीवरच्या बायकांच्या तब्येतीचा अभ्यास करायचा होता, आणि घरोघर जाऊन मुलाखती घ्यायला इथल्याच मुली हव्या होत्या. त्यात माझी निवड झाली.

कामाआधी आमचं प्रशिक्षण झालं, एका शाळेच्या रिकाम्या वर्गात. माणसांवर संशोधन करताना कसं वागायचं, एवढाच त्याचा विषय. मला वाटलं होतं, फॉर्म कसा भरायचा ते सांगतील आणि सोडतील. पण मॅडम आमच्याच बाकावर बसल्या, डब्यातली भाजी आम्हाला वाढली, आणि म्हणाल्या, समोरच्या बाईला 'केस' म्हणायचं नाही. ती आपल्याला तिचं काहीतरी देते आहे. ते तिनं आपल्यावर विश्वासानं ठेवायला दिलेलं असतं, आपल्या मालकीचं नसतं. आणि ती कुठल्याही क्षणी 'नको' म्हणू शकते. त्याचं कारण तिनं द्यायची गरज नाही.

हे शेवटचं ऐकून मी चाटच पडले. आमच्या गल्लीत कुणा बाईनं कारण न देता कशाला नको म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर आईवर प्रयोग केला.

"आई, मी तुला काहीतरी विचारते. तू फक्त 'नको' म्हण."

"बरं."

"चहा घेतेस?"

"नको, आताच घेतला ना त्या बाजूवालीकडं."

"कारण नाही द्यायचं."

"मंग तुला वाटंल ना, हिला माझ्या हातचा चहा आवडत न्हाय."

बराच वेळ हा खेळ चालला. तिला एकदाही नुसतं 'नको' म्हणता आलं नाही. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मॅडमबद्दल मी तिला इतकं सांगितलं की ती म्हणाली, तुझी मॅडम देवमाणूस दिसते. मलाही तसंच वाटत होतं, हे आता लिहिताना मी दातओठ खाते.

पहिल्याच मुलाखतीत आमच्या गोपनीयतेचा बोजवारा उडाला. ज्या बाईकडे गेलो, तिचे कान मशीननं खाल्लेले. मी हळू आवाजात विचारलं, पाळी वेळेवर येते का? ती म्हणाली, काय? पुन्हा विचारलं. मग ओरडून विचारलं, तेव्हा समोरच्या घरातून शेजारणीनं उत्तर दिलं, "तिची कवाच बंद झाली." मॅडमनी कपाळाला हात लावला.

मी म्हटलं, "मॅडम, आवाज बंद करून विचारू?"

त्यांना कळेना. मी त्या बाईकडे वळून नुसत्या ओठांनी प्रश्न विचारले, तिनं नुसत्या ओठांनी उत्तरं दिली, आणि मी ती मॅडमच्या कानात सांगितली. बाई अशी घडाघडा बोलायला लागली की थांबेना. बाहेर पडल्यावर मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू म्हणजे चमत्कारच आहेस गं," म्हणाल्या.

मी म्हटलं, "यात माझं काही नाही मॅडम. कारखान्यात सगळे असंच बोलतात."

हे मी म्हटलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, रसवंतीच्या दुकानासमोर उभं राहून म्हटलं होतं. त्या "हो का?" म्हणाल्या आणि पुन्हा चमत्कार म्हणाल्या. मला तेवढ्यानं हवेत गेल्यासारखं झालं.

मग कॅमेरा आला. मी ओठ वाचून जे सांगते ते बरोबर आहे का, हे तपासायला काहीतरी हवं, हे त्यांचं म्हणणं योग्यच होतं. संमतीपत्रात एक कलम वाढलं: चित्रण फक्त मॅडम बघतील, काम झाल्यावर पुसून टाकतील. प्रत्येक बाईला ते कलम मीच समजावून सांगायचे. ओठांनीच.

नात्यातल्या बाईची मुलाखत घ्यायची नाही, असा नियम होता. पण आई दुसऱ्या मुलीसमोर बसायला तयार होईना. "तिच्याम्होरं न्हाय बोलनार. हीच इचारू दे." मॅडमनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, चालेल, त्यांचीच इच्छा आहे ना.

प्रशिक्षणाच्या त्याच वर्गात आई कॅमेऱ्यासमोर खुर्चीवर बसली. कागद मी तिला वाचून दाखवला. तिनं अंगठ्याआधी विचारलं, आवाज न करता, "ह्या कागदात लिवलंय ते तुला पन लागू हाय?"

"हो."

"म्हंजे तू कोनाला सांगनार न्हाय."

"नाही."

"आनि घरी गेल्यावर मला पन इचारनार न्हाय."

मला हसू आलं. म्हटलं, नाही विचारणार. तिनं अंगठा उठवला.

कधी चक्कर येते, शुद्ध हरपते का, हा प्रश्न आला तेव्हा ती दाराकडे बघून घेऊन म्हणाली, "मला फिट येते."

मी कागदावरचा पुढचा प्रश्न विसरले. ती सांगत होती. बाबा असल्यापासून येते. यायच्या आधी करपल्याचा वास येतो, तेवढ्यात मशीन बंद करून ती सुताच्या गोण्यांमागे जाऊन आडवी होते. सोबतची एक बाई तिच्या नाकाशी चप्पल धरते आणि कुणी विचारलं तर सांगते, रात्री झोप झाली नव्हती हिची. गोळ्या कल्याणहून आणते, कारण भिवंडीतल्या दवाखान्यात कुणीतरी ओळखीचं भेटतंच. शेठला कळलं तर मशीनवरून काढतील. आणि पोरीला सांगितलं तर ती कामाला जाऊ देणार नाही.

ही पोरगी म्हणजे मी. ती माझ्याकडे बघत माझ्याबद्दल असं बोलत होती, जणू मी मॅडमच्या संस्थेनं पाठवलेली कुणी परकी बाई होते. इतकी वर्षं जे मला सांगता आलं नव्हतं, ते सांगायला तिला तो कागद सापडला होता. कागद होता म्हणून ती बोलली, आणि कागद होता म्हणून मला घरी तिच्या पाया पडून 'काम सोड' म्हणता येणार नव्हतं. परतताना तिनं मेथीची जुडी घेतली, भाव केला, आणि जेवायला बसेपर्यंत कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत राहिली. मी शब्द पाळला. तिला कामावरून यायला जरा उशीर झाला की जीव टांगणीला लागायचा, पण मी विचारलं नाही.

अभ्यास संपला. मॅडमनी एक कार्यक्रम ठेवला. कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी. मालक मंडळी पुढच्या रांगांत, कारण त्यांनी आत येऊ दिलं म्हणून तर अभ्यास झाला. मागे कांडीवरच्या बायका, काही विणकर. मॅडम मला म्हणाल्या होत्या, आईला नक्की आण, तुमच्यासाठी एक गंमत आहे. मी आईला चांगली साडी नेसायला लावली आणि मालकांच्या मागच्याच रांगेत, मधोमध बसवलं. मी स्वतः गुलाबपुष्पं द्यायला पुढे उभी होते.

भाषणं झाली, मग दिवे मालवले आणि पडद्यावर फिल्म सुरू झाली. मॅडम म्हणाल्या, "आम्ही गोपनीयता पाळली आहे. इथे कुणाचं नाव नाही, कुणाचा आवाज नाही. फक्त या भगिनींचे चेहरे बघा."

बासरी वाजायला लागली आणि पडद्यावर आमच्या गल्लीतली पहिली बाई आली. मोठ्ठा चेहरा, हलणारे ओठ. ती सांगत होती, आमचा शेठ पंखा लावत नाही, स्वतः मात्र घामानं भिजला की बायकोच्या ओढणीनं वारा घेतो. मागून हशा फुटला. मॅडमनी खुशीत मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, बायकांना आपले चेहरे बघून मजा वाटतेय.

त्या हॉलमध्ये मॅडम आणि त्यांचे पाहुणे सोडले तर बहुतेक सगळ्यांना ऐकू येत होतं.

मी फिल्म दाखवणाऱ्या यंत्राकडे धावले, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी गुलाबांचा ट्रे धरून उभीच राहिले. दुसरी बाई गेली, आणि आई आली. दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाली, मला फिट येते. करपल्याचा वास, गोण्या, चप्पल, कल्याण, शेठला कळलं तर. बासरी वाजत होती. मागचा हशा थांबला होता, आणि तिच्या नाकाशी चप्पल धरणारी बाई दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती.

आईचे शेठ तिच्या बरोब्बर पुढे होते. ते लहानपणी बापाच्या लूमवर उभे राहिलेले. त्यांनी पडद्यावरची नजर काढली आणि खाली आपल्या बुटांकडे बघत राहिले, तेव्हाच मला कळलं, त्यांनाही ऐकू आलंय. आई पडद्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. ओठ मिटलेले.

शेठ माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मुद्दाम लिहिते, कारण वाईट असते तर रागावणं सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः घरी आले, चपला बाहेर काढून. "ताई, मशीनवर नको आता. अल्ला न करे, कल को कुछ हो गया, तर मी काय तोंड दाखवू? आधी सांगायचं होतं तुम्ही."

"आधी सांगितलं असतं तर आधी काढलं असतं, शेठ," आई म्हणाली.

त्यावर शेठनी कप उचलला. चहा पूर्ण प्याले.

मी मुंबईला मॅडमकडे गेले. त्यांना खरंच वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. पण पहिलं वाक्य होतं, "अगं, आवाज काढून टाकला होता ना." दुसरं, संस्थेच्या समितीनं फिल्म बघून मंजुरी दिली होती. मी म्हटलं, ओठ वाचता येतात म्हणूनच तर तुम्ही मुलाखती माझ्याकडून करून घेतल्यात.

"तुला येतं गं. सगळ्यांनाच येत असेल हे कसं डोक्यात येणार?"

"मी सांगितलं होतं."

त्यांना ते आठवत नव्हतं. चमत्कार आठवत होता, मी सांगितलेलं तेवढं आठवत नव्हतं. चित्रण फक्त तुम्ही बघणार होतात, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, हो, ती चूक झाली, पण चेहरे इतके बोलके होते. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, पुढच्या प्रशिक्षणाला तू ये. हा अनुभव मुलींना सांग. फार महत्त्वाची केस आहे ही.

केस, असं त्या म्हणाल्या. मी हात सोडवून घेतला आणि निघाले. त्या बाईवर मी जितका विश्वास टाकला होता तितका नंतर कुणावर टाकलेला नाही, आणि याबद्दल मी तिला आजही माफ केलेलं नाही.

आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. ती घरी कपड्यांचे धागे कापायचं काम आणायला लागली, मला जवळच्याच वळ गावातल्या एका गोदामात नोकरी लागली, आमचं चाललं. फक्त ती माझ्याशी आवाजात बोलायला लागली. पाहुणे असोत, नसोत, सगळं मोठ्यानं. दूध संपलंय हेसुद्धा पाहुण्यांदेखत. मी ओठांनी काही विचारलं तर "काय? ऐकू न्हाय आलं," म्हणायची.

पुढे तिच्या गोळ्या बदलायच्या होत्या, म्हणून मी तिला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं. आम्ही दोघी आत जाऊन बसलो. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून होतंय, काय काय होतं, सगळं सांगा.

आई म्हणाली, "हिला बाहेर बसू दे."

"मी थांबते ना आई. मला माहीत आहे सगळं."

"नको," आई म्हणाली.

मी कारणाची वाट बघितली. तिनं दिलं नाही.

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. केबिनच्या दाराला काचेची एक उभी पट्टी होती. मी आधी भिंतीकडे बघत होते, मग न राहवून वळले. आई डॉक्टरांशी बोलत होती, आणि दाराच्या बाजूनं तिनं तोंडावर पदर धरला होता.