खालच्या घरातली धडधड

महागावला बदली झाली आणि आठवड्यातले दोनच दिवस माझ्या हाती उरले. सोमवारी सकाळी पहिल्या बसने जायचं, पाच दिवस भाड्याच्या खोलीत राहायचं, कार्यालयात लोकांच्या अर्जांवर शेरे लिहायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी दुखती पाठ घेऊन यवतमाळच्या घरी पोचायचं. बदली रद्द व्हावी म्हणून मीही अर्ज केला होता. त्यावरही कोणीतरी शेरा लिहिला असेल.

शनिवारी आणि रविवारी सकाळी नाश्ता झाला की मी गाणं लावायचो. माझ्याकडे एक जुना अँप्लिफायर आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर आहेत, सगळं सेकंडहँड, अमरावतीहून आणलेलं. मला धृपद आवडतं आणि पखवाज त्याहून जास्त. पखवाजाची डावी, खर्जात घुमणारी बाजू नीट ऐकायची तर मोठे स्पीकर लागतात. लहान डब्यातून ती नुसती टपटप वाजते. तासभर डोळे मिटून ऐकलं की आठवड्याचा शीण थोडा उतरायचा. बायकोला त्यात गोडी नाही, पण त्या तासात ती मला काही काम सांगत नसे.

आमची इमारत लोहाऱ्याकडच्या रस्त्यावर आहे. तीन मजले, बारा घरं, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बरोबर आमच्या खाली एक वयस्कर मुसलमान जोडपं राहतं, सगळी इमारत त्यांना चाचा-चाची म्हणते. चाचांनी औद्योगिक वसाहतीजवळ तीस वर्षं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज चालवलं. आता ते मुलगा पाहतो, तरी चाचा अधूनमधून जाऊन बसतात. आमचा मिक्सर त्यांनीच दोनदा सुरू करून दिला होता. वर्षभरापूर्वी चाचीच्या हृदयाचं ऑपरेशन नागपूरला झालं. बायको त्यांना भेटून आली होती. मी महागावला होतो, मग ते राहूनच गेलं.

एका शनिवारी चाचा वर आले आणि दारातच उभे राहिले.

"साहेब, जरा आवाज कमी करता का? चाचीले त्रास होऊन राह्यला."

मी लगेच कमी केला. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. मी पुन्हा कमी केला. चौथ्या खेपेला मात्र मी म्हणालो, "कमीच आहे चाचा. दार लोटलं तर आमच्याच स्वयंपाकघरात ऐकू येत नाही."

"खाली येते, साहेब."

"मग कोणा दुसऱ्याचं असेल."

त्यांनी वाद घातला नाही. दोन दिवसांनी इमारतीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला, की सुटीच्या दिवशी गाणी लावणाऱ्यांनी शेजाऱ्यांचा विचार करावा. नाव नव्हतं, पण बाराच्या बारा घरांना कळलं. मी महागावच्या खोलीत बसून तो निरोप पाचसहा वेळा वाचला. शुक्रवारी घरी आलो तेव्हा जिन्यात चाचा भेटले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तीस वर्षं तुमच्या गॅरेजात हातोडे वाजले, तेव्हा आजूबाजूच्या किती लोकांनी तक्रार केली?"

ते कठडा धरून खाली गेले.

बायकोने ते वरून ऐकलं होतं. जेवताना ती म्हणाली, "तुम्ही दोन दिवस येता अन् भांडण करून जाता. पाच दिवस मले इथं राहा लागते. चाची समोर आली तर मी कुठं पाहू?"

"माझी चूक नाही हे मी दाखवून देतो," मी म्हणालो.

आणि मी आवाज मोजायचं यंत्र मागवलं. हातात मावेल एवढं, पिवळं, डोक्यावर स्पंजचा काळा गोळा. आकडा कमी-जास्त होताना समोर दिसतो. त्यावर ए आणि सी अशी दोन अक्षरं असलेलं एक बटण होतं. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की माणसाच्या कानाला आवाज जसा लागतो तसा मोजायचा तर ए ठेवा, आणि अगदी खालचे, घुमणारे आवाज धरायचे तर सी. माझा प्रश्न कानाचा होता. मी ए ठेवलं आणि ते बटण विसरून गेलो.

दोन आठवडे मी गाणं ऐकलंच नाही, नुसतं मोजलं. खुर्चीत एकाहत्तर डेसिबल. स्वयंपाकघरात त्रेपन्न. जिन्यात, दार बंद असताना, पंचेचाळीस. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तर जिन्यातच बासष्ट. सगळं वहीत तारीखवार लिहिलं, ऑफिसातली सवय. वही घेऊन सेक्रेटरींकडे गेलो. ते बँकेतून निवृत्त झालेले, थकलेले गृहस्थ. त्यांनी पानं उलटली, चष्मा काढला आणि म्हणाले, "कागदावर तुमचं बरोबर आहे. पण खाली जाऊन मोजलं का?"

रविवारी मी यंत्र घेऊन खाली गेलो. बायकोला सांगितलं होतं, दहा मिनिटांनी नेहमीच्या आवाजात लाव. चाचांनी दार उघडलं. कारण ऐकून ते बाजूला झाले आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेले.

चाची पलंगावर होत्या. मला पाहून ओढणी सारखी करत उठून बसल्या. ऑपरेशननंतर मी त्यांना नीट पाहिलंच नव्हतं. निम्म्या झाल्या होत्या. उशाशी गोळ्यांचा डबा, पाण्याचा तांब्या, आणि उजवा हात छातीवर.

वर गाणं सुरू झालं. मी पंखा बंद करायला सांगितलं आणि यंत्र धरलं. अडतीस. पंखा सुरू केला, तर एक्कावन्न.

"पाहा चाचा," मी म्हणालो, "तुमच्या पंख्याचा आवाज माझ्या गाण्याहून जास्त आहे."

चाचांनी आकडा वाचला आणि मान हलवली. बोलल्या त्या चाची.

"भाऊ, गाणं तर मले ऐकूच येत नाही. मी आवाजाचं म्हणून नाही राह्यली. धडधड येते."

"कसली धडधड?"

"ऑपरेशन झालं तवापासून मले सवयच लागली. हात ठेवून पाहत राह्यते, बरोबर चालून राह्यलं का नाही. तुमचं वर सुरू झालं की पलंगातून, भिंतीतून येते. मग समजत नाही, ते माझं काळीज होय का तुमचं मशीन. घाम सुटते. ह्यायले उठवते, दवाखान्यात चला म्हणते. दोनदा गेलो. डॉक्टर म्हणते काहीच नाही."

मी यंत्र हातात धरून उभा होतो. चाचांनी माझं मनगट धरलं आणि माझा पंजा उशाजवळच्या भिंतीवर टेकवला. भिंत थंड होती आणि आत काहीतरी हळूहळू ठोकत होतं. पखवाजाची डावी बाजू. मी ती ओळखली.

"इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे खालचं रबर, गेलं की ट्रकच्या केबिनमधी असंच होते," चाचा म्हणाले. "कानाले कमी लागते, हाडाले जास्त."

मग मला ते बटण आठवलं. पंखा पुन्हा बंद करवला आणि सी दाबलं. अडतीसचे बासष्ट झाले. चाचांनी तोही आकडा पाहिला. मी यंत्र बंद करून खिशात घातलं.

"आधी काहून नाही सांगितलं हे?" मी विचारलं.

"सांगू कसं? चार खेपा दारात आलो. तुम्ही एकदाही बसा म्हटलं नाही."

वर जाऊन मी गाणं बंद केलं. बायकोने विचारलं, किती आलं. मी म्हणालो, जास्त आलं.

पुढच्या शनिवारी चाचा एका पिशवीत आठ रबरी गट्टू घेऊन आले, इंजिनाखाली बसवतात तसले. मी त्यांना खुर्ची दिली, चहा झाला. मग दोघांनी मिळून स्पीकर भिंतीपासून ओढले आणि एकेका कोपऱ्याखाली गट्टू बसवला. स्पीकर जड. चाचा सत्तरीचे, माझी पाठ अशी. दर वेळी उचलताना दोघंही थांबून श्वास घेत होतो. खाली जाऊन मोजलं तर बासष्टचे पंचावन्न झाले. चाची म्हणाल्या, "आहे, पण कमी आहे." मी वर जाऊन अँप्लिफायरचं खालच्या सुरांचं बटण जवळजवळ बंद केलं, तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, "आता चालते." माझा पखवाज टपटप वाजू लागला.

तेव्हाच असं ठरलं की गाणं लावायच्या आधी मी खाली फोन करायचा. चाचींची तब्येत ठीक असली तर लावायचं, नाहीतर नाही. पहिले काही आठवडे मी केला. कधी त्या "लावा" म्हणायच्या, कधी "आज नको भाऊ." ऐकण्यासाठी परवानगी मागायची, आणि मिळाली तरी अर्धंच ऐकायचं, याचा मला कंटाळा यायला लागला. मी फोन करणं सोडलं आणि गाणं लावणंही सोडलं. सकाळी पेपर वाचायचो आणि पुन्हा आडवा व्हायचो.

तीन आठवड्यांनी चाचा वर आले.

"फोन नाही तुमचा."

"मी लावतच नाही चाचा आता. त्यांना त्रास नको."

"तेच सांगजा ना मग फोन करून." ते खुर्चीत टेकले. "फोन आला अन् तुम्ही लावलं, तर तिले माहीत राह्यते की ही धडधड वरची. फोन नाही आला की पडल्या पडल्या इचार करते, लावलं असन का नसन. तेवढ्यात तिची धडधड थोडी वाढली की झालं."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, मी गप्प बसलो म्हणजे प्रश्न मिटला.

तेव्हापासून दर शनिवारी आणि रविवारी नऊ वाजता मी खाली फोन करतो. बहुतेक वेळा सांगतो, "चाची, आज नाही लावत." त्या "बरं भाऊ" म्हणतात आणि मग महागावकडचं विचारतात, सोयाबीन कसं आहे, पाणी झालं का. त्यांचं माहेर ढाणकीचं, त्यामुळे तिकडच्या रस्त्यांची खडान्खडा माहिती. पाचदहा मिनिटं जातात. कधी माझा मूड नसतो, तरी फोन करतो.

मागच्या रविवारी त्याच म्हणाल्या, "लावा आज. हे गॅरेजवर गेले. मले घर सुनं लागून राह्यलं."

मी लावलं, अगदी हळू. आलापी संपली आणि पखवाज सुरू झाला. मला ऐकायचं होतं, पण ऐकता येईना. प्रत्येक थापेला खालचा पलंग डोळ्यांसमोर येत होता आणि छातीवरचा तो हात. दहा मिनिटांत मी बंद केलं. लगेच फोन वाजला.

"काहून बंद केलं, भाऊ?"

"संपलं, चाची."

"लहानच होतं मग," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. बायकोने इस्त्रीचे कपडे आणून दिले होते. ते घड्या मोडू न देता मी सोमवारच्या बससाठी बॅगेत भरायला घेतले.