दिवा पिवळा होईपर्यंत

आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा लावला की तो लगेच पिवळा होत नाही. आधी गुलाबी होतो, मग नारिंगी, आणि पुरता पिवळा होईपर्यंत एकही रीडिंग घेता येत नाही. तोवर आमची बॅच हात बांधून उभी असायची. या रिकाम्या वेळेवर राऊत सरांनी हक्क सांगितला होता. दिव्याचं बटण दाबलं की ते मोबाइल हातभर लांब धरत आणि म्हणत, "हं. बातम्या."

आधी तारखा. कुठल्या संस्थेत उन्हाळी प्रकल्पासाठी मुलं घेताहेत, एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचे अर्ज सुटलेत का, दुर्बिणीची कार्यशाळा कुठे आहे आणि तिथे मुलींच्या राहण्याची सोय आहे की नाही. मग माणसं, म्हणजे सरांचे जुने विद्यार्थी. "आपल्या प्रतीक्षाचा प्रबंध मान्य झाला. आपल्या सुशांतला मुलगी झाली. आपल्या गणेशने आगाशीला क्लास काढलाय, भिंगाचे प्रयोग खरोखर करून दाखवतो म्हणे." या सुशांतला आणि गणेशला आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं, पण सर 'आपल्या' असं काही म्हणत की सुशांतच्या मुलीचं नाव काय ठेवलं, याची आम्हालाही चौकशी करावीशी वाटे. क्रम मात्र कधी बदलला नाही. एकदा कुणीतरी म्हणालं, सर, आधी माणसांचं सांगा ना. सर म्हणाले, "माणसांची बातमी उद्या पण सांगता येते. तारीख उद्या नसते."

सर जवळच्याच वटार गावचे. घरची केळीची वाडी, अंगात पांढरा बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी. विषय शिकवताना या माणसाला कशाची भीती नसे. अवघड गणित फळ्यावर सोडवताना ते मधेच थांबून खिडकीबाहेरच्या बुलबुलाकडे बघू शकत. पण कुणाचा अर्ज जायचा असला की त्यांची झोप उडायची. लाइट गेली तर? साइट बसली तर? बापाची सही राहिली तर? एरवी शुद्ध बोलणारे सर घाबरले की थेट गावच्या बोलीत उतरत. "कोन राहिलाय अजून? कोन?" हे 'कोन' ऐकू आलं की समजायचं, सरांचा जीव टांगणीला लागलाय.

ज्याचा अर्ज जाई, त्याला पिशवीतून एक सुकेळं मिळे. आमच्या पट्ट्यात राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधून ठेवतात, ती सुकेळी. सरांची आई ती घरी करायची. निवड झाली काय नि न झाली काय, सुकेळं अर्जाचं. "निवडणं त्यांच्या हातात आहे," सर म्हणत, "पाठवणं आपल्या."

आणि याच धास्तीपोटी सर तारखा खोट्या सांगत. शेवटची तारीख शुक्रवारची असली की सर बुधवार सांगायचे. मुलं बुधवारी धावपळ करणार, काहीतरी राहणार, मग हाताशी दोन दिवस असावेत, असा हिशेब. हे अख्ख्या विभागाला ठाऊक होतं. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना सीनियर आधी कॅन्टीन दाखवत आणि मग सांगत, सरांच्या तारखेत दोन दिवस मिळवायचे. आपलं गुपित फुटलंय याचा फक्त सरांनाच पत्ता नव्हता.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा एका मोठ्या संशोधन संस्थेत दोन महिन्यांचा प्रकल्प निघाला. परगावी राहायचं, खऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं. बातमी ऐकली आणि मी तारीख तळहातावर लिहून घेतली. आम्ही मनवेलपाड्याला राहायचो. बाबा सिंधुदुर्गातून नोकरीसाठी आलेले, आणि माझ्यासाठी त्यांनी बँकेच्या परीक्षांचा क्लास बघून ठेवलेला. फिजिक्स घेऊन पुढे काय, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. तो प्रकल्प मिळाला तर एक उत्तर मिळणार होतं, नाही तर बँक.

सर आमच्या घरी आले. खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. बाबांपेक्षा तेच जास्त घाबरलेले दिसत होते. "सावंतसाहेब, हिचा हात स्थिर आहे," म्हणाले. "यंत्र लावताना घाई करत नाही. अशी मुलं फार नसतात." बाबा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अर्ज माझ्यासमोर भर. काय लिहितेस ते मला कळू दे." बाबा घरी असायचे ते रविवारी. आणि सरांनी तारीख सांगितली होती शुक्रवार. म्हणजे रविवार. आम्ही दोघी-तिघींनी बोटांवर मोजून तसंच ठरवलं होतं. मी निवांत अर्जासोबतचा निबंध घासूनपुसून लिहीत बसले.

शुक्रवार आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा वार. दुपारी चार वाजता सरांचा फोन आला. "सावंत, माझी शिफारस गेली. तुझा अर्ज दिसत नाही तिथे."

"रविवारी भरते सर. बाबा घरी असतात."

 मग अगदी हळू, "रविवार कोनी सांगितला तुला?"

"सर, तुमच्या तारखेत दोन दिवस असतातच ना. सगळ्यांना माहीत आहे."

"पाचला बंद होतंय," सर म्हणाले. "निघ. आहेस तशी निघ."

मी पेन ड्राइव्ह मुठीत धरून रिक्षात बसले. उड्डाणपुलावर गाड्या खोळंबलेल्या. मी उतरले आणि चप्पल हातात घेऊन पळाले. कॉलेजात सर संगणक उघडून उभेच होते. खुर्ची माझ्यासाठी ओढून ठेवलेली. नाव, पत्ता, गुण, निबंध. गुणपत्रिका चढवायला घेतली आणि पडद्यावर सरकणारी पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबली. सर माझ्या मागे उभे राहून त्या पट्टीला "चल, चल" म्हणत होते. पट्टी हलली तेव्हा पडद्यावर अर्जाची मुदत संपल्याचं आलं.

मी रडले. सर रडले नाहीत, संगणक बंद करून माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मग सांगितलं. आदल्या वर्षी शर्मिला नावाच्या मुलीने सरांची खोटी तारीख खरी मानून शेवटच्या सत्राच्या गुणपत्रिकेची वाट न बघताच अर्ज पाठवला होता. गुणपत्रिका दुसऱ्याच दिवशी आली. अर्ज अपुरा म्हणून बाद. म्हणून या वर्षीपासून सरांनी खऱ्या तारखा सांगायच्या ठरवल्या, आणि ही त्यातली पहिलीच. "पन हे तुम्हाला सांगू कसं? सांगायचं तर आधीच्या खोट्या होत्या हे सांगावं लागलं असतं."

सोमवारी दिवा गुलाबी असतानाच त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. मोबाइल खिशातच होता. "एक अर्ज राहिला. तारीख खरी होती. ती खोटी आहे असं मानायची सवय मीच लावली. यापुढे सांगेन ती तारीख खरी." अंधारात कुणी कुणाकडे बघत नव्हतं, ते बरं झालं.

त्याआधी, रविवारीच, ते पुन्हा आमच्या घरी येऊन गेले होते. बाबांसमोर उभे राहून म्हणाले, "चूक माझी आहे, तिची नाही. तिला एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊ द्या. तेवढं मागायला आलोय." बाबांनी त्यांना बसवलं, आईला चहा टाकायला सांगितलं, आणि बराच वेळ दोघं कोकणातल्या नि वटारच्या केळ्यांबद्दलच बोलत राहिले. सर गेल्यावर बाबा म्हणाले, "बँकेच्या क्लासचं राहू दे सध्या."

प्रवेश परीक्षेचा अर्ज मी सुटला त्याच दिवशी भरला. पोच दाखवायला गेले तर सरांनी ती वाचली, चष्मा पुसून परत वाचली, आणि पिशवीतून दोन सुकेळी काढली. मी म्हटलं, सर, एकच अर्ज गेलाय. ते म्हणाले, "एक मागचं. ते माझ्याकडे राहिलं होतं." मला ते सुकेळं घरी नेववेना. मी तिथेच उभी राहून खाल्लं, आणि सर दिव्याची वायर तपासतोय असं दाखवत राहिले.

आता मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही ते मे महिन्यात कळतं, त्यामुळे धास्ती म्हणजे काय हे मला सरांइतकंच कळू लागलंय. सर निवृत्त झाले तरी रोज सकाळी त्यांच्या तारखा माझ्या मोबाइलवर येत. खाली एकच ओळ असे, 'मुलांना सांगितलं का?' मी 'हो सर' लिहिलं तरी दुपारी ते पुन्हा विचारत.

गेल्या महिन्यात एका रविवारी तारीख आली, मी 'उद्या सांगते सर' लिहिलं आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी वटारहून फोन आला. सर दुपारी वाडीत पाणी लावताना गेले.

सोमवारी मी दिव्याचं बटण दाबलं. मोबाइल हातात धरला.  मनात आलं, आज तरी आधी माणसांची बातमी सांगावी. पण सरांना ते चाललं नसतं. मी आधी त्यांनीच पाठवलेली तारीख सांगितली: उन्हाळी प्रकल्प, शेवटचा दिवस गुरुवार, गुणपत्रिका जोडायला विसरू नका. मग म्हटलं, "आपले राऊत सर काल गेले."

दिवा पिवळा झाला तरी कुणी यंत्राकडे सरकलं नाही. या मुलांनी सरांना पाहिलेलंही नव्हतं, फक्त सीनियरांकडून त्यांच्या तारखांची गोष्ट ऐकलेली. थोड्या वेळाने मागून एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, ती गुरुवारची तारीख खरी आहे ना?"

"खरी आहे," मी म्हटलं. "कोन राहिलंय अजून?"